‘बाधले’ म्हणजे नेमके काय झाले? इंदूरमधील एका मुलीचे प्रकरण

डिसेंबरच्या मध्याला इंदूरच्या राजेंद्रनगरातील एक आई आपल्या 4 वर्षे 8 महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. सोबत मुलीची आजीही होती. आईने पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर मुलीला द्यायचे नाहीत असे 19 पदार्थ लिहिलेले होते. दूध, दही, पनीर, गहू, रवा, मैदा, शेंगदाणे, वांगे, केळे, चवळी अशी ती यादी खाली उतरत गेली होती आणि शेवटची काही नावे वेगळ्या शाईत होती. “यात आणखी काय घालायचं ते सांगा,” असे ती म्हणाली. ऑगस्टमध्ये मुलीचे वजन 15.6 किलो होते, त्या दिवशी ते 15.1 भरले. या वयात मूल वर्षाला साधारण दोन किलोने वाढते. म्हणजे चार महिन्यांत सहाशे-सातशे ग्रॅमची भर पडायला हवी होती, तेथे अर्धा किलो घट झाली होती. मुलीच्या मूळ त्रासापेक्षा या यादीनेच तिचे अधिक नुकसान चालवले आहे, असे मला तो कागद पाहताना वाटले. हे मत पुढच्या तासाभरात मला अर्धे बदलावे लागले.

मी आहारतज्ज्ञ आहे. या प्रकरणातील चाचण्या आणि निदान बालरोगतज्ज्ञ व ॲलर्जीतज्ज्ञ यांनी केले; माझ्याकडे खाण्याचा इतिहास लावण्याचे आणि नंतर आहार पुन्हा बसवण्याचे काम होते. पालकांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, ही हकिकत लिहीत आहे.

घरच्यांनी सांगितलेली हकिकत

जुलैच्या अखेरीस मुलीला उलट्या-जुलाब झाले. पाच-सहा दिवसांत ताप आणि उलट्या थांबल्या, पण नंतरही दूध प्यायले की तासाभरात पोट फुगे, गुडगुड होई आणि पातळ शौचाला होई. ‘दूध सोसत नाही’ असे ठरून ऑगस्टमध्ये दूध आणि दुधाचे पदार्थ बंद झाले. फुगणे कमी झाले, तरी दिवसातून दोन-तीनदा पातळ शौचाला होणे थांबले नाही. पुढे चातुर्मास संपून चंपाषष्ठीला घरात चार महिन्यांनी वांगे आले. भरली वांगी आणि बाजरीची भाकरी असा बेत होता. जेवल्यावर वीस मिनिटांत मुलीच्या चेहऱ्यावर आणि पोटावर गांधी उठल्या, तिला एकदा उलटी झाली आणि ओठ जाड झाले. आजींचा निष्कर्ष तत्काळ आणि, खरे तर, तर्कशुद्ध होता: चार महिने वांगे नव्हते तेव्हा असे काही झाले नाही, ते आले त्या दिवशीच झाले, म्हणजे वांगे बाधले.

या घटनेने घाबरून वडिलांनी एका खासगी प्रयोगशाळेतून अन्नाच्या ‘असहिष्णुते’ची मोठी रक्तचाचणी करून घेतली. तिच्या अहवालात दूध, गहू, केळे, चवळी यांच्यापुढे लाल पट्ट्या होत्या. कागदावरची वेगळ्या शाईतली नावे तेथून आली होती. मुलगी माझ्याकडे आली तेव्हा गहू बंद होऊन दहा दिवस झाले होते.

बोलता बोलता आईने आणखी एक प्रसंग सांगितला, तोही मी विचारले म्हणून. आदल्या जानेवारीत रामबागेत एका नातेवाइकांकडे हळदीकुंकवाला गेले असताना मुलीने तिळगुळाची वडी खाल्ली आणि दहाएक मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर पित्त उठले, आवाज बसला आणि तिला खोकल्याची ढास लागली. कोणीतरी ॲलर्जीचे सिरप दिले आणि दोन तासांत सारे ओसरले. थंडीचे दिवस होते म्हणून खोकला थंडीच्या खाती गेला आणि गांधी ‘पित्ता’च्या. अंगावर गांधी उठण्याला आपण ‘पित्त उठले’ म्हणतो आणि त्या एका शब्दाने माणसाचे लक्ष पोटाकडे, तेलकट खाण्याकडे, जागरणाकडे वळते. येथेही तसेच झाले होते. खाल्ल्यावर काही मिनिटांत त्वचा आणि श्वास या दोन्ही ठिकाणी लक्षणे येणे याला वैद्यकात ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि ते जिवावर बेतू शकते. त्या क्षणी माझ्यापुढच्या कागदाचा अर्थ बदलला: 19 नावांच्या त्या यादीत जे एक नाव असायलाच हवे होते, ते नव्हते.

माझी चूक

ते नाव कोणते, हे मला लगेच कळले असे नाही. तिळगुळाच्या वडीत दाण्याचा कूट असतो, भरल्या वांग्याच्या सारणातही दाण्याचा कूट असतो, आणि शेंगदाणा हा ॲलर्जीच्या बाबतीत नावाजलेला संशयित. त्यामुळे मी माझ्या वहीत ‘शेंगदाणे’ असे लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली. तेथेच थांबले असते तर चुकीच्या वस्तूवर बंदी कायम झाली असती आणि खरी वस्तू ताटात राहिली असती. पण प्रत्येक संशयित पदार्थाबाबत मी एक उलटा प्रश्न विचारते: हा पदार्थ भरपूर खाऊनही काहीच झाले नाही, असे शेवटचे कधी घडले? आजी म्हणाल्या, “अहो, आषाढीला वाटीभर खिचडी खाल्ली की तिने. दुसऱ्यांदा मागून घेतली.” साबुदाण्याची खिचडी म्हणजे दाण्याचा कूट मूठमूठभर. जानेवारीच्या प्रसंगानंतर सहा महिन्यांनी तो कूट मुलीने आनंदाने खाल्ला होता आणि तिला काहीही झाले नव्हते. शेंगदाण्यावरची माझी रेघ मला खोडावी लागली.

मग मी भरल्या वांग्याची कृती पहिल्यापासून विचारली, नुसते पदार्थाचे नाव नव्हे. कूट, किसलेले खोबरे, चिंच, गूळ, गोडा मसाला आणि दोन मोठे चमचे भाजून कुटलेले तीळ. भाकरीवरही तीळ थापलेले होते. जानेवारीच्या वडीत तर तीळच मुख्य. आणि त्याही आदल्या संक्रांतीला हलव्याचे दोन दाणे चघळून मुलगी कितीतरी वेळ फ्रॉकने तोंड पुसत राहिली होती, हे आईला आता आठवले.

पुढच्या भेटीत आजी गोड्या मसाल्याचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. कारण असे होते की आईने सप्टेंबरपासून शाळेच्या वहीत रोजच्या खाण्याची नोंद ठेवली होती. हळदीच्या बोटांचे ठसे उमटलेल्या त्या वहीत सात ठिकाणी ‘तोंडाभोवती लाल, खाजवते’ असे लिहिलेले होते आणि सातही दिवशी रात्रीच्या जेवणात आमटी-भात होता. साधे वरण-भात असलेल्या एकाही दिवशी तशी नोंद नव्हती. आई म्हणाली की आमटीतल्या चिंचेने होत असेल. चिंचेने तोंडाभोवतीची नाजूक त्वचा लाल होऊ शकते, त्यामुळे तिचे म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते. मी आजींना मसाल्यात काय घातले आहे ते विचारले. त्या बोटांवर मोजू लागल्या: धणे, सुके खोबरे, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर, दालचिनी, लवंग, आणि तीळ. अंगठा अनामिकेच्या पेरावर टेकलेला तसाच राहिला. “किलोभर धण्यांना पाव किलो तीळ घालते मी. रोजचाच मसाला हा,” असे त्या हळूच म्हणाल्या. चौघांच्या आमटीत अर्धा चमचा मसाला पडतो, म्हणजे मुलीच्या वाटीत तिळाचा अंश अगदी थोडा. तेवढ्याने तोंडाभोवती लाली येणे आणि दोन चमचे तीळकुटाने अंगभर गांधी उठणे हे एकमेकांशी जुळणारे होते.

या प्रकरणातून मला सर्वांत ठामपणे सांगावेसे वाटते ते हेच. आपल्या घरी खाण्याची नोंद पदार्थाच्या नावाने होते, आणि ‘आमटी’, ‘भरली वांगी’, ‘वडी’ ही नावे आतला घटक झाकून ठेवतात. वहीत पदार्थाचे नाव लिहून चालत नाही. त्यात काय काय पडले, किती वाजता खाल्ले आणि किती वाजता काय दिसले, या तीन गोष्टी लिहाव्या लागतात. काहीही न होता पचलेल्या जेवणांची नोंदही तितकीच मोलाची असते. आषाढीची खिचडी आणि साधे वरण-भात यांनी जे सांगितले, ते एकाही लाल पट्टीने सांगितले नव्हते.

एका शब्दात चार आजार

सोसत नाही, पचत नाही, मानवत नाही, बाधते: हे चारही शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. त्यांच्यामागे मात्र शरीरातल्या अगदी वेगळ्या घडामोडी असतात आणि त्या ओळखण्याची पहिली खूण म्हणजे वेळ. अन्नाच्या खऱ्या ॲलर्जीत शरीराने त्या अन्नातील प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवलेली असतात; प्रथिन पोटात गेले की बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, गांधी, सूज, उलटी, खोकला, धाप यांपैकी काही दिसते, आणि अगदी थोड्या अंशानेही दिसू शकते. दुधातील साखर न पचणे ही प्रतिकारशक्तीची भानगड नव्हे. लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) कमी पडले की लॅक्टोज ही दुधातील साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि पोट फुगते. येथे किती दूध प्यायले याला महत्त्व असते, घोटभर चालते आणि पेलाभर चालत नाही. गव्हातील ग्लूटेनमुळे होणाऱ्या सिलियाक आजारात तर घड्याळ उपयोगी पडतच नाही, कारण आतड्याचे अस्तर आठवडे-महिने झिजत जाते आणि मुलाचे वजन, रक्त, उंची यांवर परिणाम दिसतो. काही लहान मुलांत दुधासारख्या अन्नाने आयजीईविना होणाऱ्या प्रतिक्रिया असतात. त्या तासांनी किंवा दिवसांनी दिसतात.

या मुलीच्या घरी जानेवारीपासूनच्या साऱ्या तक्रारी एकाच दोरीत ओवल्या गेल्या होत्या आणि त्या दोरीचे नाव ‘हिला काहीतरी बाधते’ असे होते. ती दोरी सोडवल्यावर दिसले की तोंडाभोवतीची लाली, गांधी आणि सूज यांचा धागा वेगळा आहे, दुधाने पोट फुगण्याचा वेगळा आणि रोजच्या पातळ शौचाचा तिसराच.

चाचण्या

ॲलर्जीतज्ज्ञांनी फक्त ज्यांच्याबद्दल इतिहास काही सांगत होता अशाच वस्तूंची त्वचाचाचणी केली: तीळ, शेंगदाणा, दूध आणि वांगे. चाचणीआधी आठवडाभर ॲलर्जीचे सिरप बंद ठेवले होते, नाहीतर फोड उठतच नाही. तिळाच्या तयार अर्काची चाचणी कधी कधी खोटी नकारात्मक येते, म्हणून घरून आणलेल्या तिळाच्या ओल्या वाटणात सुई टोचून तीच हातावर टोचण्यात आली. पंधरा मिनिटांनी तेथे 9 मिलिमीटरचा फोड होता. 3 मिलिमीटर आणि त्याहून मोठा फोड सकारात्मक धरतात. शेंगदाणा, दूध, वांगे यांच्या जागी काही नव्हते. केवळ फोड उठला म्हणून ॲलर्जी ठरत नाही. पुष्कळ मुलांची चाचणी सकारात्मक येते आणि ती तो पदार्थ निर्धास्त खात असतात. येथे दोन ठळक प्रसंग आणि चाचणी एकाच दिशेने बोलत होते, त्यामुळे मुद्दाम तीळ खाऊ घालून पाहण्याची गरज नव्हती आणि ते धोक्याचेही ठरले असते.

वांग्याबद्दलची आजींची शंका डॉक्टरांनी उडवून लावली नाही, हे मला आवडले. वांग्याची ॲलर्जी असलेली माणसे आपल्या देशात आढळतात. त्वचाचाचणी झाल्यावर दवाखान्यातच मुलीला आधी कणभर, मग चमचाभर, मग वाटीभर तीळ नसलेले भरीत देऊन दोन तास बसवून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच पद्धतीने दाण्याचा कूट दिला. दोन्ही पदार्थ यादीतून उतरले.

त्या लाल पट्ट्यांच्या अहवालाबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. ती चाचणी आयजीजी प्रतिपिंडांची होती. ही प्रतिपिंडे त्या अन्नाशी शरीराची ओळख झाल्याची खूण असतात. जे मूल रोज पोळी आणि केळे खाते, त्याच्या रक्तात ती सापडणारच. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने 2008 मध्येच निदानासाठी ही चाचणी वापरू नये असे जाहीर केले, अमेरिका आणि कॅनडा येथील तज्ज्ञसंस्थांनीही पुढे तेच म्हटले. तरीही ती विकली जाते, आणि घाबरलेले आईवडील विश्वासाने मुलाच्या ताटातून एकेक घास काढून घेतात. याचा मला मनापासून राग येतो.

दूध, रस आणि पोळी

दुधाचे उत्तर जुलैच्या आजारात होते. लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरावरील बारीक केसांसारख्या उंचवट्यांच्या टोकाला असते. जुलाबांच्या आजारात ती टोके झिजतात आणि अस्तर भरून येईपर्यंत काही आठवडे दूध पचत नाही. ही तात्पुरती स्थिती असते. जन्मजात ठरलेली, वयाबरोबर येणारी लॅक्टोजची अडचण पाच वर्षांच्या आत सहसा दिसत नाही. शिवाय नोव्हेंबरमध्ये सराफ्यात मुलीने वडिलांच्या पेल्यातील शिकंजीचे चार-पाच घोट घेतले होते. इंदूरची शिकंजी लिंबाची नव्हे, आटीव दुधाची असते. तेव्हाही गांधी वगैरे काही उठले नव्हते. आम्ही आधी ताजे दही, मग जेवणानंतर 50 मिलिलिटर दूध असे सुरू केले आणि दर तीन दिवसांनी वाढवत दोन आठवड्यांत 200 मिलिलिटरवर आलो. पोट फुगले नाही.

पातळ शौचाचे कारण मात्र दूध बंद केल्यानंतर त्याच्या जागी आले होते. मुलीने काहीतरी प्यावे म्हणून तिला रोज डब्यातील सफरचंदाचा रस दोनदा दिला जात होता. त्यातील फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल लहान मुलाच्या आतड्यात पुरते शोषले जात नाहीत आणि शौच पातळ होते. रस बंद केल्यावर सहाव्या दिवशी आईने वहीत ‘आज एकदाच, घट्ट’ असे लिहिले. आईने हे प्रेमापोटीच केले होते, हे मी तिला दोनदा सांगितले, कारण ती रडू लागली होती.

गव्हाबाबत डॉक्टरांनी घाई केली नाही. वजन घटलेले, हिमोग्लोबिन 10.4, म्हणजे या वयासाठीच्या 11 या मर्यादेखाली. तेव्हा सिलियाक आजार तपासणे आवश्यक होते. पण ही रक्तचाचणी मूल गहू खात असतानाच विश्वासार्ह ठरते. गहू बंद केला की प्रतिपिंडे उतरू लागतात आणि आजार असूनही चाचणी निर्दोष दिसू शकते. माळव्यातल्या घरात, जेथे पोळी आणि दाल-बाफले हेच पोटभर अन्न, तेथे गहू तोडण्याआधी ही चाचणी न होणे हे मोठेच नुकसान असते. मुलीला पुन्हा रोज दोन पोळ्या सुरू केल्या, सात आठवड्यांनी चाचणी झाली, ही चाचणी ज्या प्रकारच्या प्रतिपिंडांवर चालते त्यांचे, म्हणजे आयजीएचे, एकूण प्रमाणही मोजले गेले आणि दोन्ही निर्दोष आले. लोहाचे औषध सुरूच होते. फेब्रुवारीच्या अखेरीस वजन 16 किलो भरले.

तीळ

राहिला तो एकच पदार्थ, आणि समोर संक्रांत होती. डॉक्टरांनी घरच्यांना ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायला शिकवले; प्रमाण किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीसाठी 0.15 मिलिग्रॅम; एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असलेल्या इंजेक्शनचे ते 0.15 मिलिलिटर होते. खोकला, धाप, बसलेला आवाज, ग्लानी यांपैकी काही दिसले तर आधी इंजेक्शन, मुलीला आडवे ठेवणे आणि 108 ला फोन. ॲलर्जीचे सिरप हे त्याला पर्याय नाही. वडिलांनी संत्र्यावर सुई टोचून सराव केला. बालवाडीत बाईंना लेखी सूचना दिली, कारण हिवाळ्यात मुरैना-ग्वाल्हेरची गजक आणि रेवडी मुलांच्या डब्यांतून हमखास फिरते.

पाकिटांचे वाचन आईला वेगळे शिकावे लागले. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा लेबलवर जाहीर करावयाच्या प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांमध्ये आहे; आपल्याकडील 2020 च्या लेबलिंग नियमांच्या यादीत गहू, दूध, अंडे, शेंगदाणे, सोयाबीन ही नावे आहेत, तीळ नाही. म्हणून ॲलर्जीच्या ठळक ओळीवर न थांबता घटकांची यादी शेवटपर्यंत वाचायची आणि बेकरीच्या सुट्या मालाबाबत दुकानदाराला विचारायचे, असे ठरले.

संक्रांतीला घरी खोबऱ्याच्या आणि दाण्याच्या वड्या झाल्या. आजींनी नवा मसाला कांडला. जुना काढून टाकला, पाटा आणि मिक्सरचे भांडे घासून घेतले आणि तिळाच्या जागी खोबरे वाढवले. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत वहीत आमटीचे बावीस दिवस आहेत आणि त्यांतील एका दिवशी ‘तोंडाभोवती लाल’ असे पुन्हा लिहिलेले आहे. त्या दिवशी चिंच जास्त पडली होती, असे आई म्हणते. तिळाची ॲलर्जी सुमारे 20 ते 30 टक्के मुलांत वयाबरोबर जाते. म्हणून पुढच्या हिवाळ्यात त्वचाचाचणी पुन्हा होणार आहे, आणि तोपर्यंत वही चालू ठेवायला मी सांगितले आहे.